एकसष्ट टक्के कशाचे

"अडतीस," साहेब म्हणाले आणि त्यांनी कॉफीच्या मशीनखाली कप सरकवला. "चाळीसाचे अडतीस झाले, मॅडम. दोन माणसं महिनाभर बसवली त्यावर, आणि सुटले किती, तर दोन सेकंद." मशीन घरघरायला लागलं, त्यामुळे मी काहीच बोलले नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. साहेब माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत आणि कुणी गप्प बसलं की त्याचं आपल्याशी एकमत आहे असं धरून चालतात. त्यामुळे आमचं बरं जमतं. मी हातातला कप खाली ठेवला. अडतीस हा आकडा मला कुणी आधी सांगितलेला नव्हता. पण महिन्यापूर्वी मी कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटं बसले असते तर हाच निघाला असता, त्यात वर ना खाली. "आजोबांनी असं काहीतरी गुंतवून ठेवलंय की नव्या माणसांना सुटत नाहीये," साहेब म्हणाले. "आणि आज त्यांचा ऑफिसातला शेवटचा दिवस. पाचला सही करून ते मोकळे होतील. तुम्ही जरा पुन्हा एकदा प्रोग्रॅमची नाडी बघता का?" मी हो म्हटलं. हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

आमचा प्रोग्रॅम दवाखान्यांसाठी आहे. डॉक्टर रुग्णाचं नाव दाबतात, आणि त्या माणसाच्या आजवरच्या सगळ्या तपासण्या गोळा होऊन एका पानावर मांडल्या जातात. फाइल जाड असली की त्याला चाळीस सेकंद लागायचे. चाळीस सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. एकदा एका दवाखान्यात कोपऱ्यात उभी राहून मी ते बघितले होते. एक बाई समोर बसलेली, डॉक्टर पडद्याकडे बघतायत, बाई डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघतेय, आणि चेहऱ्यावर काहीच उमटत नाही म्हणून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, पुन्हा गुंडाळतेय. शेवटी तिने विचारलं, "काही वाईट आहे का हो?" तर डॉक्टर म्हणाले, "नाही हो बाई, मशीन स्लो आहे." ती हसली. मी नाही हसले, कारण मशीनच्या बाजूने आलेली मीच होते.

असा एखादा प्रोग्रॅम रेंगाळायला लागला की तो कुठे रेंगाळतो ते शोधायचं काम माझं. ऑफिसात मला नाडीवाली म्हणतात. नाव आजोबांनी ठेवलेलं. आजोबा म्हणजे काही कुणाचे आजोबा नव्हेत, त्यांना मूलबाळही नाही. बावन्नाव्या वर्षी केस पांढरे झाले म्हणून पोरांनी म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनीही ते लावून घेतलं. प्रोफाइल घ्यायला मला त्यांनीच शिकवलं. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची: टूलचं नाव, चालत्या प्रोग्रॅमचा नंबर, किती सेकंद बघायचं तो आकडा. एंटर मारला की टूल त्या प्रोग्रॅमच्या घरात सेकंदाला नव्व्याण्णव वेळा डोकावतं आणि आत्ता कोण काम करतंय त्याची नोंद करतं. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. नंतर सगळ्या नोंदींचं एक चित्र निघतं, पट्ट्यांवर पट्ट्या. ज्याच्या नोंदी जास्त त्याची पट्टी रुंद. "शंभर का नाही, नव्व्याण्णवच का?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. आजोबा खूश झाले. म्हणाले, "शाब्बास. अगं, मशीनमधल्या बऱ्याच गोष्टी शंभराच्या ठेक्यावर चालतात. आपणही शंभर घेतलं तर त्यांच्याच तालावर नाचायला लागू, आणि दर वेळी तेच तेच दिसेल. म्हणून एक पाऊल चुकवायचं." एवढं शिकवून त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. आता सेहेचाळीस संपतील. या सतरा वर्षांत मी शेकडो प्रोफाइल घेतल्या असतील, आणि खरं सांगायचं तर गेली काही वर्षं ती ओळ मी लिहितही नाही. काळ्या खिडकीला आधीच्या ओळी आठवतात. वरचा बाण दाबायचा, मागच्या कामाची ओळ आयती समोर येते, नंबर बदलायचा आणि एंटर. माझ्या कीबोर्डवरच्या त्या बाणाची खूण पार पुसली गेली आहे.

महिन्यापूर्वी मी तेच केलं होतं. वरचा बाण, नंबर, एंटर, तीस सेकंद. चित्रात आजोबांच्या कोडची पट्टी अशी पसरली होती की बाकीचे कडेला अंग चोरून उभे. आजोबांचं ते काम तपासण्यांचे आकडे तक्त्यात मांडायचं. त्यांनी ते कधीकाळी फार प्रेमाने लिहिलेलं, एकेक रकाना हाताने जुळवल्यासारखं. एकसष्ट टक्के. मीटिंगमध्ये चित्र भिंतीवर टाकलं तेव्हा खोलीत सगळे एकदम "ओहो" म्हणाले. साहेबांनी विचारलं, "म्हणजे चाळीसातले चोवीस-पंचवीस सेकंद इथेच जातायत?" मी म्हटलं, "एकसष्ट टक्के इथे आहेत." बघा, खोटं नाही बोलले. विचारलं त्याचं उत्तर दिलं नाही, एवढंच. एकसष्ट टक्के कशाचे, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. एकजण म्हणाला, "आजोबा, काही बोला की." ते म्हणाले, "मोजलंय ना? मग वाद कसला?" ही त्यांची जुनी खोड. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, आणि मोजल्यावर बोलायचं नाही. त्या मीटिंगनंतर चार दिवसांनी त्यांना पत्र मिळालं. आमच्या विभागातल्या जुन्या माणसांपैकी एकाची जागा जाणार हे आधीच कळलेलं होतं, आणि जुनी माणसं होती दोनच, ते आणि मी. साहेब बरेच दिवस ठरवत होते, कोण. माझ्या एका चित्राने त्यांचं काम सोपं केलं. ऑफिस सुटल्यावर जिन्यात मला हायसं वाटलं होतं, हेही आता सांगून टाकते. लाज नंतर वाटली, पण हायसं आधी वाटलं.

कॉफीचा कप तसाच टाकून मी जागेवर आले आणि महिन्यापूर्वीची फाइल उघडली. टूल काम संपवताना खाली एक बारीक ओळ लिहितं, आपण किती नोंदी घेतल्या त्याची. सेकंदाला नव्व्याण्णव, तीस सेकंद. प्रोग्रॅम सगळा वेळ काम करत असता तर तीन हजारांना तीस कमी इतक्या नोंदी व्हायला हव्या होत्या. ओळीत होतं: दोनशे अठ्ठावीस. म्हणजे टूल तीन हजार वेळा डोकावलं तेव्हा अडीच हजारांहून जास्त वेळा घरात कुणी काम करतच नव्हतं. सगळे थांबलेले होते. आणि जो थांबलाय त्याची नोंद हे टूल करत नाही. तशी करायची तर ओळीत आणखी एक शब्द घालावा लागतो, आणि मागच्या कुठल्याशा कामात त्या शब्दाची गरज नव्हती म्हणून बाणाने आणलेल्या ओळीत तो नव्हता. आजोबांचे एकसष्ट टक्के त्या दोनशे अठ्ठाविसांतले. चाळीस सेकंदांत खरं काम तीन सेकंदांचं, त्यातले पावणेदोन त्यांचे. ते कोड मुळासकट उपटून फेकलं असतं तरी चाळीसाचे अडतीसच झाले असते. नव्या पोरांनी काही वाईट काम केलं नव्हतं. जखम मांडीला असताना मी त्यांना मलम शेंडीला लावायला बसवलं होतं.

आता खरी गोष्ट. ती दोनशे अठ्ठावीसची ओळ मी तेव्हाच बघितली होती. वाचली होती म्हणणार नाही. डोळ्यांखालून गेली, आणि आत कुठेतरी काहीतरी टोचलं, आणि मी खिडकी मिटली. हे जे टोचल्यावर खिडकी मिटणं आहे ना, त्यात मी लहानपणापासून पटाईत आहे. आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि आवाजाने साठ वर्षांनी. दार आपटायची, भांडायची, रडायची, पुन्हा स्वतःच हसायची. घरात काही फुटलं की आई स्वयंपाकघरातून बघायच्या आधी ताईचंच नाव घेऊन ओरडायची, आणि दहातल्या आठ वेळा ते बरोबरही असायचं. उरलेल्या दोन वेळा मी भिंतीला पाठ लावून उभी असायचे. मी कधी चहाडी केली नाही, कधी खोटं बोलले नाही. नुसती उभी राहायचे. "धाकटी बघ कशी गुणाची," आई म्हणायची. ताई एकदा मला म्हणाली होती, "तू ना, मांजर दूध पिताना डोळे मिटतं तशी आहेस." मला त्याचा राग आला होता, कारण ते ती हसत हसत म्हणाली होती.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ताई त्यांच्याशी कडाक्याची भांडली. कारण क्षुल्लक, त्यांनी औषध घेतलं नव्हतं. अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी ते न्हाणीघरात कोसळले, आणि तिसऱ्या दिवसापासून घरात येणारं प्रत्येक माणूस ताईकडे एका ठरावीक नजरेने बघायला लागलं. आत्या तर तोंडावर म्हणाली, "बोलून बोलून घेतलास बापाचा जीव." ताई एरवी चार गोष्टी सुनावणारी, पण त्या दिवशी चप्पल घालून बाहेर गेली आणि संध्याकाळी आली. बाबांच्या तपासणीचा रिपोर्ट माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होता. मीच तो आणला होता, मीच तो डॉक्टरांना दाखवणार होते, आणि माझ्या ऑफिसात एक मोठं काम अंगावर होतं म्हणून आज-उद्या करत तो अकरा दिवस तिथे पडून होता. पुढे मी तो एका डॉक्टर मैत्रिणीला दाखवला, दुसऱ्या कुणाचा म्हणून. ती म्हणाली, "हा माणूस त्याच दिवशी ॲडमिट व्हायला हवा होता." घरात मला कुणीही काहीही विचारलं नाही. मी अकरा दिवस काहीच केलं नव्हतं, आणि काहीच न करणाऱ्याकडे कोण बघतं? ताईला अजून वाटतं ती भांडली म्हणून बाबा गेले. ती आता हळू बोलते. फोनवर मला दोनदा विचारावं लागतं, काय म्हणालीस.

दुपारी जेवायच्या सुट्टीत सगळे वर गेले तेव्हा मी नवी प्रोफाइल घेतली. या वेळी बाण दाबला नाही. ओळ पहिल्यापासून हाताने लिहिली, थांबलेल्यांचीही नोंद कर असं सांगणारा तो शब्द घालून. तीस सेकंद मी पडद्याकडे बघत बसले. काय दिसणार हे मला सकाळी कॉफीपाशीच कळलं होतं. नऊ वर्षांपूर्वी एका दवाखान्यात दोन रुग्णांच्या तपासण्या एकमेकांत मिसळल्या होत्या. कुणाला काही झालं नाही, पण ऑफिसात आग लागल्यासारखं झालं, आणि त्या धावपळीत मी एक कुलूप घातलं. प्रोग्रॅमच्या भाषेत कुलूप म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडायचं. जाड फाइलमध्ये पस्तीस-छत्तीस जुन्या तपासण्या असतात. प्रत्येक तपासणी दूरच्या साठ्याकडून मागवायची, उत्तर यायला सेकंदभर लागतो. खरं तर सगळ्यांना एकदमच निरोप पाठवता येतात. पण माझं कुलूप एकाला सोडतं, तो जाऊन परत आला की दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. छत्तीस जण रांगेत, छत्तीस सेकंद. मिसळण्याची भीती एका रुग्णाची दुसऱ्याशी होती. एका माणसाच्या स्वतःच्याच कागदांना रांगेत उभं करायची काही गरज नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं. कोडमध्ये वर मीच लिहून ठेवलंय: तात्पुरतं, नंतर नीट करायचं. चित्र आलं. आजोबांची पट्टी दोऱ्याएवढी, आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझं कुलूप. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी फार वेळा दुसऱ्यांबद्दल म्हटलं होतं.

अडीच वाजता मी ते चित्र घेऊन साहेबांच्या दारापाशी गेले. दार उघडं होतं. मनात वाक्य तयार होतं, अगदी लहान: माझं मोजणं चुकलं, आजोबांचं काही नाही, कुलूप माझं आहे. बारा शब्दसुद्धा नव्हते. अजून सही झाली नव्हती. पत्र मागे घेता आलं असतं, किंवा त्यावर नाव बदलता आलं असतं. नाव बदलणं, हीच तर गंमत होती. आजोबांना निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत, आणि मला चौदा. घरी मी एकटी. सकाळी उठून या इमारतीत यायचं नसेल तर मी काय करेन याचं चित्र मी खूप वेळा डोळ्यांसमोर आणलंय आणि दर वेळी त्यात मी पलंगाच्या कडेला बसलेली असते. साहेबांनी मान वर केली. "बोला मॅडम. काही मिळालं?" मी म्हटलं, "अजून बघतेय." ते म्हणाले, "बघा बघा. तुमच्यावर माझा भरवसा आहे." मी कागदाची घडी घातली, मग अजून एक घडी, आणि ती हातात मावेनाशी झाली तेव्हा मी जागेवर येऊन बसलेली होते.

चार वाजता आजोबा आले. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी बोटाभोवती गुंडाळलं होतं, ते गोल गोल फिरवत माझ्या टेबलाच्या कडेला टेकले. महिन्यात बारीक झाले होते, पण चेहरा तरतरीत होता, डोळ्यांत जागरणाची लाली.

"नाडीवाली, वेळ आहे का पाच मिनिटं?"

"बसा ना आजोबा. खुर्ची घ्या."

"नको गं, बसलो की उठवत नाही. हे बघ." त्यांनी आपला लॅपटॉप माझ्यापुढे उघडला. "तू ते चित्र दाखवलंस ना, त्या दिवशी घरी गेलो आणि आधी चिडलो. खोटं का बोलू? बायकोला म्हटलं, सतरा वर्षं कुणी बोट ठेवलं नाही, आणि मीच शिकवलेली पोरगी माझ्यावर बोट ठेवते. ती म्हणाली, मग बघा ना एकदा, बोट ठेवलं तिथे दुखतंय का. तेव्हा बसलो. आणि काय सांगू तुला, लाज वाटली. काय लिहून ठेवलं होतं मी! एकेक रकाना पाच-पाच वेळा मोजत होतो. सगळं नव्याने लिहिलं. रोज घरी गेलो की हेच. पावणेदोन सेकंदांचं काम पाव सेकंदात आणलंय. मोजलंय मी."

पावणेदोन सेकंद. आकडा त्यांच्या तोंडात होता. चाळीसातले पावणेदोन, एवढी एक वजाबाकी त्यांच्या आणि माझ्या मध्ये राहिली होती, आणि सतरा वर्षांत वजाबाकी कधी न चुकलेला हा माणूस ती करत नव्हता, कारण उत्तर मी दिलेलं होतं. माझ्या दुसऱ्या खिडकीत दुपारचं चित्र उघडंच होतं, मी ती खाली केली. "आजोबा, तुम्ही... पूर्ण प्रोग्रॅमवर लावून बघितलं का?" मी विचारलं, आणि माझा आवाज इतका बारीक आला की त्यांना पुढे वाकावं लागलं.

"कसं बघणार? माझी परवानगी काढून घेतलीय ना. माझ्यापुरतं घरच्या मशीनवर चालवलं. पूर्ण तू लाव. तुझ्याकडेच द्यायला आलो. त्या दोन पोरांचं काढ आणि हे घाल. त्यांचा दोष नाही, दुसऱ्याचं उष्टं काढायला बसवलं त्यांना." बोटाभोवतीचं ओळखपत्र त्यांनी सोडवलं. "साहेबांना म्हणायचं होतं की बघा, झालं नीट, राहू द्या मला. पण नाही म्हणालो. इतकी वर्षं लोकांना ताटकळत ठेवलं, आता कुठल्या तोंडाने मागू?"

तेव्हा सांगायला हवं होतं. कुणी मध्ये आलं नाही, फोन वाजला नाही, लाइट गेले नाहीत. त्यांचा हात माझ्या टेबलावर होता, नखाखाली शाईचा डाग होता, आणि पाचला एक तास होता. मला फक्त खाली केलेली खिडकी वर करायची होती. मी म्हटलं, "द्या. उद्या सकाळी लावते." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "तू मोजलंस म्हणून कळलं गं. नाहीतर मी असाच गेलो असतो, फार हुशार समजत." पाचला सही झाली. केक वगैरे त्यांनीच नको म्हटलं होतं. मी दारापर्यंत गेले. साहेब त्यांच्याशी हात मिळवत असताना मी त्यांच्या पिशवीचा बंद धरून उभी होते, आणि सगळ्यांना ते फार हृद्य वाटलं असं नंतर एकीने मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी आले. रात्री मी मनाशी एक उपाय काढला होता, आणि तो मला चांगलाही वाटत होता. आजोबांचं कोड घातलं. मग माझं कुलूप उघडलं, काढलं, एका रुग्णाचे सगळे कागद एकदम आत जातील असं करून पुन्हा लावलं. वीस मिनिटांचं काम, नऊ वर्षं राहिलेलं. आणि दोन्ही बदल एकाच गाठोड्यात बांधून पाठवले, वर नाव फक्त आजोबांचं. मला वाटलं, निदान श्रेय त्यांना जाईल. जाता जाता म्हातारा बाजी मारून गेला असं लोक म्हणतील. माझी चूक कुणाला कळणार नाही हे मला त्यात दिसत नव्हतं असं नाही. पण दोन फायदे असले की माणूस चांगला तेवढा पुढे ठेवतो. मी चाचणी लावली. अडीच सेकंद. पुन्हा लावली. अडीच सेकंद. दहा वाजता साहेब माझ्या मागे उभे राहून बघत होते, आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली. चार-पाच जण जमले. "चाळीसाचे अडीच! आजोबा!" साहेब म्हणाले, "बघा, शेवटी ज्याने गुंतवलं त्यालाच सुटलं. सगळं त्यांच्यातच होतं. एकसष्ट काय, मॅडम, तुम्ही हातचं राखूनच बोलला होतात." सगळे हसले. तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. आदल्या दिवसापर्यंत ती नुसती एक चुकीची मोजणी होती. कधीतरी, कुणीतरी, एखाद्या हुशार पोराने ती खोडली असती. आता तिला पुरावा होता. आणि तो मी आजोबांच्याच हाताने, त्यांच्याच सहीने तयार करून दिला होता. माझ्या कुलपाच्या ज्या दोन ओळींनी खरं काय ते सांगितलं असतं त्याही मीच पुसल्या होत्या. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि पाणी वाहून जाताना बघत राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

दुपारी फोन वाजला. पडद्यावर आजोबा.

"साहेबांचा फोन आला होता," ते म्हणाले. मागे भांड्यांचा आवाज येत होता, मग दार लोटल्याचा, मग काही नाही. "म्हणाले, अडीच सेकंद. अभिनंदन केलं त्यांनी."

"हो."

"मला जरा विचारायचं होतं. दोन दिवस मनात येत होतं, तुला म्हटलं नाही मी. पावणेदोनचं पाव केलं, तर चाळीस कशाने कमी होतील, असं वाटत होतं. म्हटलं, कुठेतरी काहीतरी दुसरंच असणार. पण अडीच झाले म्हणजे... आतून कुठेतरी माझंच धरून ठेवत असणार सगळ्यांना. मला दिसलं नाही. तू पुन्हा मोजलं असशील ना?"

"मोजलं."

"नीट?"

"नीट मोजलं, आजोबा."

"मग? माझंच होतं ना सगळं?"

समोर नव्या पोरांपैकी एकजण आजोबांच्या रिकाम्या टेबलावर आपला मॉनिटर मांडत होता आणि त्याची वायर सॉकेटपर्यंत पुरत नव्हती. मी त्याच्याकडे बघत म्हटलं, "तुमचंच होतं."

पलीकडून त्यांनी एक मोठा श्वास सोडला, ओझं खाली ठेवल्यासारखा. "बरं झालं मग," ते म्हणाले. "दोन दिवस उगाच मनात पाप येत होतं, की आपल्यावर अन्याय झाला."